बारीक झालेला दिवा

त्या नावाड्याचं नाव मी विचारलंच नाही. नाशिकजवळच्या धरणाच्या पाण्यातून त्याने मला एकदाच पलीकडच्या गावी नेलं.

आठवडाभर ऊन पडलं नव्हतं. दिवेलागणीला आम्ही निघालो. वाटेतल्या खडकापाशी, त्याची खूण म्हणून तरंगत्या पिंपावर बसवलेला सौरदिवा लुकलुकत होता. नावाडी वल्हं मारायचा, डोळे बारीक करून दिव्याकडे बघायचा, पुन्हा वल्हं मारायचा. "लय लांब हाय अजून," तो म्हणाला, आणि होडी खडकावर आदळली. दिवा अगदी समोर होता.

तो कमरेएवढ्या पाण्यात उतरला आणि होडी ढकलून मोकळी केली. मग उपरण्याने दिव्याची काच पुसली, आजारी पोराला थोपटावं तसं दिव्याला थोपटलं. उजेड तेवढाच राहिला.

पलीकडे दिव्यांची देखभाल करणारा माणूस भेटला. आम्ही दिव्याचं सांगितल्यावर तो म्हणाला, "बिघडलेला नाही तो. ऊन नसलं की बॅटरी पुरती भरत नाही. मग सकाळपर्यंत पुरावी म्हणून दिवा आपणच उजेड कमी करतो."

नावाडी ओल्या कपड्यांत तसाच उभा राहिला. "इझला असता तर मी थांबलो असतो," तो मला म्हणाला. "पण त्यो तर पेटलेला व्हता. बारीक दिसला, म्हणून लांब वाटला."

मला दोघांचंही पटत होतं. नावाड्याने होडी पुन्हा पाण्यात लोटली.

"साहेब, आता जाताना त्यो दिसल," त्याने मला विचारलं, "तर जवळ समजू का लांब?"