पद रिक्त नाही

ती कादंबरी आम्ही दोघांनी नांदेडला कॉलेजात असताना वाचली. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. तो कंधारकडचा, एकाच खोलीत राहायचो. आमचं एकमेकांवर प्रेम होतं. हे कागदावर मी पहिल्यांदाच लिहितोय.

कादंबरी परदेशातली, मराठीत आलेली. तिचा नायक एका पुरुषावर जीव लावतो आणि लाजेपायी त्याला एकटं टाकून पळतो.

"भित्रं बेणं हाय," मी म्हणालो.

"तू थांबला असतास?"

"हाव. थांबलो असतो."

मला ते खरंच वाटत होतं.

पुढं लातूर जिल्हा झाला. नव्या कचेरीत मी आस्थापनेच्या टेबलावर लागलो. बदल्यांचे अर्ज माझ्याकडं. त्यातच दुष्काळ पडला. जो तो लातुरातून बाहेर जायला अर्ज देऊन राहिला होता. आत येऊ मागणारा एकच अर्ज आला, नांदेडच्या कचेरीतून, तिथं कारकून लागलेल्या त्याचा. कारण म्हणून त्यानं भोळेपणानं माझं नाव घालून लिहिलं होतं, यांच्याकडे राहण्याची कायमची सोय आहे.

टपाल फोडायचे ते अव्वल कारकून, उदगीरचे अप्पा. त्यांनी अर्ज सगळ्यांना वाचून दाखवला.

"काय मालक, माणसं पाण्यापायी पळून राहिलीत अन् ह्यो तुमच्यापायी येतोय. बायकोबी असा अर्ज देत न्हाई."

कचेरी हसली. मीही हसलो. जागा रिकामी होती. मी फाइलवर टिपणी लिहिली: पद रिक्त नाही. वर सह्या होत गेल्या.

त्या आठवड्यात मी कादंबरी पुन्हा वाचायला घेतली, माझ्यापेक्षा भित्रा माणूस भेटेल म्हणून. भेटला नाही. नायकाला निदान रडू तरी आलं होतं.

महिन्याभरानं तो स्वतःच आला. भर उन्हात, एसटीनं. माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसून चहा प्याला.

"ही कुणाची?"

"रजेवर हाय एक जण."

त्यानं त्या खुर्चीपुढच्या टेबलावर बोट ओढलं. धुळीत रेघ उठली.

"लई मोठी रजा दिसते."

अप्पा चष्म्यावरून आमच्याकडंच बघत होते. मी दुसरी फाइल उघडली.

"नांदेडची गाडी कितीला हाय?" त्यानं विचारलं.

मी वेळ सांगितली.