खांद्याची रेघ, कंबरेची रेघ

तीन पायांच्या त्या स्टँडनं मला जेवढा ताप दिला, तेवढा सासरच्या सगळ्या गोतावळ्यानंही कधी दिला नाही.

पोरगी आमची आठवीत. तिचा पाठीचा कणा एका बाजूला वाकतोय हे कळलं आणि घरात येणारा-जाणारा प्रत्येकजण डॉक्टर झाला. "पोक काढून बसती, दुसरं काय!" "मोबाईल काढून घ्या की!" अरे, पोरीचं हाड वाकलंय, आणि तुमच्या जिभेला हाडच न्हाय त्याचं काय? खऱ्या डॉक्टरीणबाई मात्र सरळ बोलल्या. एक्स-रे सारखा सारखा काढायचा नाही. मधल्या काळात दर महिन्याला पाठीचे दोन फोटो पाठवायचे. ताठ उभी असताना एक, खांद्याच्या उंचीवरून. पुढं वाकलेली असताना दुसरा, कंबरेच्या उंचीवरून. जागा तीच, उंची तीच, अंतर तेच. बाक वाढला तर अंगाला पट्टा, दिवसरात्र.

हातात मोबाईल धरून काढले, तर दर वेळी पोरगी वेगळीच दिसायची. म्हणून राजारामपुरीतल्या एका दुकानातून स्टँड आणला. त्याची मधली दांडी खांद्यापर्यंत चढवली की मोबाईलच्या वजनानं आपोआप खाली बसायची. गेले तशीच परत दुकानदाराकडं.

"ओ पावणं, काय गळ्यात मारलंय हे? साधा मोबाईल तोलंना झालंय!"

"वैनी, रील काढायला ह्येच नेत्यात सगळी."

"रील कोण काढतंय हितं?"

मग त्यानं चार-पाच स्टँड मांडले. एकाचं डोकं, म्हणजे मोबाईल अडकवायचा वरचा भाग, गोल गोळीवर गरागरा फिरत होतं. "कसंबी फिरवा," म्हणाला. मी म्हटलं, फिरणारी माणसं घरात हायत, मला थांबणारं पाहिजे. शेवटी जड पायांचा, पुढं वाकवायला एक आणि बाजूला कलवायला एक असे वेगळे स्क्रू असलेला घेतला. घरी आणून दांडीवर नेलपेंटनं दोन रेघा मारल्या, वरची खांद्याची, खालची कंबरेची. फरशीवर तीन पायांचे तीन गोल. दारासमोर पोरीच्या टाचांसाठी वेगळी खूण. "हळदीकुंकू हाय का काय?" सासूबाई म्हणाल्या. मी सगळ्यांना दम दिला, ह्याला कुणी हात लावायचा नाही. दुसऱ्याच दिवशी नवऱ्यानं त्यावर टॉवेल वाळत घातला. धन्य तो माणूस!

फोटोत दर महिन्याला उजवा खांदा वर. बघितलं की माझं डोकंच फिरायचं. हाडावर कसं ओरडायचं? मग भांड्यांवर, नवऱ्यावर, गळक्या नळावर ओरडायचे.

आणि मागच्या महिन्यात खांदे सारखे आले! मला खांद्यांशिवाय काही दिसलंच नाही. अंबाबाईला नारळ फोडला, कोडोलीला आईला फोन केला, गल्लीत पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंचा फोन. "मागं दाराची चौकट बघा. तीपण तिरकी आलीय. कॅमेरा कललाय तुमचा. परत काढा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्टँड काखेत, पोरगी मागं, तडक दुकानात. गिऱ्हाईकांची गर्दी होती, असू दे.

"जड म्हणून घेतला, भक्कम म्हणून घेतला, आणि डोकं कलतंय ह्याचं! पोरीच्या पाठीचा प्रश्न हाय, खेळणं विकलं काय तुम्ही?"

त्यानं गुमान स्क्रू फिरवून बघितले. "घट्ट हाय की, वैनी."

"म्हंजे मी खोटं बोलतीय व्हय?"

पोरीनं माझी ओढणी ओढली. "आई, त्यांना नको बोलू. मी कलवला. खांदे सारखे दिसस्तोवर कलवला आणि आवळला."

"पट्ट्याला भिऊन? अगं, लपवून कणा सरळ हुतोय काय?"

"पट्टा लावीन की मी." ती खाली बघत होती. "फोटो काढला की तू आठ-आठ दिवस कुणाशी धड बोलत न्हाईस. म्हटलं, एक महिना तरी बरा जाऊ दे."

दुकानदारानं स्टँड मिटून हळूच माझ्या हातात दिला.

घरी येऊन पाय गोलात ठेवले, दांडी रेघेला लावली, डोकं दाराच्या चौकटीशी जुळवून सरळ केलं. फोटो काढला.

"बाक किती आलाय?" तिनं पाठमोरी उभी राहूनच विचारलं.

एरवी मी "बघू" म्हणून स्वयंपाकघरात जायचे.

"वाढलाय," मी म्हटलं. "पट्टा लावायचा. आणि हिकडं ये, पेढे उरल्यात, ते संपवायचेत."

ती वळली. पेढा घेण्याआधी तिनं माझं तोंड नीट निरखून बघितलं.