हेतूत डेरिकचं नाव

क्लेमेंटीन माझी शेजारीण. पापडी गावात आमची भिंतीला भिंत. तीस वर्षं तिने गावच्या पोरांना धर्मशिक्षण दिलं, आणि तिचाच डेरिक म्हणाला, देव नाही. बाप, फेबियन, कॅन्सरने तडफडून गेला, त्या वर्षी डेरिकचं चर्च सुटलं ते सुटलंच. दिव्याखाली अंधार, असं लोक म्हणायचे. लोकांचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला.

मे महिन्यात आमच्या आळीच्या क्रुसापाशी रोज संध्याकाळी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना होते. शेवटी ज्याने त्याने आपला हेतू, म्हणजे देवाकडे काय मागायचं ते, मोठ्याने सांगायचा. कुणाची परीक्षा, कुणाचे गुडघे. क्लेमेंटीनचा हेतू ठरलेला, "माझा डेरिक देवाकडे परत यावा." रोज तेच! शेवटी तो गोखिवऱ्याला फ्लॅट घेऊन राहिला.

मला राहवेना. तिला मी झापलंच. अगं, चारचौघांत त्याची लाज काढतेस म्हणून तो येत नाही, मनात माग की. ती रडली, पण तिने ऐकलं. गेल्या मेमध्ये तिने एकदाही त्याचं नाव घेतलं नाही. नुसते ओठ हलायचे. डेरिक काही आला नाही. मी म्हटलं, धीर धर.

ऑगस्टमध्ये ती झोपेतच गेली.

सातव्या दिवशी घरी प्रार्थना झाली. डेरिक दारातच उभा, हातात हेल्मेट. रिवाजाचे उकडलेले चणे घेऊन सगळे पांगले, तेव्हा माझ्यापाशी आला. म्हणाला, दर मेमध्ये कामावरून सुटल्यावर तो आळीच्या नाक्यावर बाईक बंद करून थांबायचा. आपलं नाव ऐकायचा आणि मग घरी जायचा.

"माझा विश्वास नाही, मावशी. पण आई माझ्यासाठी मागते, तेवढं मला पुरायचं. या मेमध्ये आठ दिवस थांबलो, नाव आलंच नाही. वाटलं, तिनेही सोडलं मला. मग आलोच नाही."

मेलं माझं शहाणपण! त्याला सांगितलं, नाव घेणं मीच बंद करायला लावलं होतं. वाटलं, शिव्या देईल. त्याने एवढंच विचारलं,

"म्हणजे मनात मागत होती?"

"रोज. तिचे ओठ हलताना मी पाहिलेत."

तो उंबऱ्यावर बसला आणि ढसाढसा रडला.

यंदाच्या मेमध्ये तो हेतू मी सांगते, "क्लेमेंटीनच्या डेरिकसाठी." नाक्यापर्यंत जाईल इतक्या मोठ्याने सांगते. तिकडे मान वळवून बघायला मात्र मी अजून धजलेले नाही.