लाल झाकण, हिरवं झाकण

चहा होईपर्यंत ऐका. हसायचं असेल तर कप खाली ठेवून हसा. लातुरात माझी जी फजिती झाली, ती मी आजवर नात्यागोत्यात कुणालाच सांगितली न्हाई. बायकोनं सगळ्यांना सांगितली, ते वेगळं.

आमची स्नेहल तेव्हा बारावीला. डॉक्टर व्हायचं म्हणून उमरीहून तिला लातूरच्या क्लासला टाकलं. पण पोरीला एकटं कसं ठेवायचं? बायको अंगणवाडीत, तिला रजा मिळेना. मी नुकताच पोस्टातून रिटायर झालेलो. मग मीच लेकीबरोबर खोली करून राहिलो. स्वयंपाक माझ्याकडं. स्वयंपाक म्हणजे खिचडी.

क्लासजवळ खोली मिळणं तेव्हा लई मुश्किल होतं. आम्हाला मिळाली ती रझिया आपांच्या घरात, वरच्या मजल्यावर. भूकंपापासून आपांना स्लॅबची भीती बसलेली, म्हणून वर दुसरा स्लॅब न टाकता नुसते पत्रे. क्लासची पोरं शहरात येऊ लागली तसं त्याच पत्र्याखाली त्यांनी खोल्या पाडल्या. स्वतः खाली शिवणकाम करायच्या. बाई शिस्तीची. जिन्यात चप्पल आडवी दिसली की बोलणी बसायची. पण केसांवर जीव. या वयातही कमरेखाली जाणारी वेणी.

बायको एकदा येऊन ती वेणी बघून गेली आणि घरी कुटलेली शिकेकाई पाठवायचं कबूल करून बसली. लेकीसाठीही काहीतरी करणार होतीच. नाचणीचं सत्त्व, त्यात ब्राह्मी, शतावरी, बदाम, खडीसाखर. बुद्धीला चांगलं आणि अंगालाही. शेजारचे एक जण लातूरला येणार होते, त्यांच्याबरोबर दोन डबे आले. मागोमाग फोन. लाल झाकणाचा पोरीचा, हिरव्या झाकणाचा आपांचा, दोन्ही दिसायला तपकिरीच आहेत, गोंधळ घालू नका.

मी म्हणालो, ‘‘पोस्टात जन्म गेला माझा. डिलिव्हरी मला शिकवू नको.’’

आणि फोन ठेवून काय केलं? बायकोनं काय काय घातलंय बघावं म्हणून दोन्ही डबे उघडून वास घेतला. सर्दीनं नाक बंद, कशाचाच वास आला न्हाई. झाकणं परत लावली. लालच्या जागी हिरवं, हिरव्याच्या जागी लाल. तुमच्या लक्षात आलं ना? माझ्या आलं न्हाई.

हिरव्या झाकणाचा डबा आपांना नेऊन दिला. लाल झाकणातलं दोन चमचे दुधात टाकून गॅसवर ठेवलं, तर दूध फाटलं. मी म्हणालो, औषधी वस्तू आहे, दुधाशी पटत नसेल. मग गरम पाण्यात ढवळलं. वर असा फेस आला की मला कौतुकच वाटलं.

स्नेहलनं एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला. ‘‘पप्पा, हे शाम्पूसारखं लागून राहिलंय.’’

मग मी तिला आजकालच्या पोरांच्या जिभेवर एक भाषण दिलं. कडू असतं तेच गुणकारी असतं, वगैरे. ती म्हणाली, मग तुम्हीच प्या, मला फिजिक्स करू द्या. लेकीपुढं मागं हटतो का मी? तिच्यासमोर उभा राहून घटाघटा प्यालो. रोज सकाळी, उदाहरण घालून द्यायला. पोट साफ होऊ लागलं. जरा जास्तच साफ. म्हणजे गुण येऊन राहिला की! क्लासबाहेरच्या टपरीवर इतर बापांना मी ताठ मानेनं आयुर्वेद सांगू लागलो.

इकडं खाली आपा न्हाल्या. दुपारी डोक्याला टॉवेल गुंडाळून जिना चढून आल्या. गरम पाण्यात भिजवलेलं सत्त्व, त्याचं काय होतं ते घरातल्या बाईला विचारा. केसांत लापशी झाली होती. पण माझ्या बायकोचा मान ठेवायचा म्हणून त्या बिचाऱ्या तक्रार करेनात.

‘‘भाईसाब, भाभीची शिकेकाई लई ताकदवान हाय. धुऊन धुऊन हात दुखले, निघूनच न्हाई राहिली.’’

मी म्हणालो, असली चीज मुळाला धरते, दोनतीनदा लावा, मग सुटेल. त्यांनी पुन्हा लावली. मग उशीवर मुंग्या आल्या. तेव्हाही मी त्यांना सांगितलं, आपा, डोक्यातली उष्णता बाहेर पडून राहिली, मुंग्यांना ती कळते. कुठून सुचलं कोण जाणे.

परीक्षा तोंडावर आली तेव्हा बायको रजा घेऊन आली. आपा तिला भेटायला हिरवा डबा घेऊनच वर आल्या. बायकोनं चिमूटभर बोटावर घेऊन वास घेतला, जिभेला लावलं. मग शेल्फावरचा लाल डबा उघडून हुंगला. माझ्याकडं बघितलं.

‘‘अहो, हे कोण पिऊन राहिलंय?’’

स्नेहलनं माझ्याकडं बोट केलं. बायकोनं कपाळाला हात लावला आणि आपांना सगळा उलगडा करून सांगितला.

मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं. ऐन परीक्षेत पोरीला घेऊन जायचं कुठं? आपा नुसत्या माझ्या चेहऱ्याकडं बघत होत्या. मग नजर हळूहळू वर गेली, माझ्या टाळूवर थांबली.

‘‘भाईसाब,’’ त्या शांतपणे म्हणाल्या, ‘‘बाहेरून लावायला कुठं जागा नव्हती, म्हणून आतून लावून राहिले होते का?’’

स्नेहल पुस्तकावर डोकं टेकवून हसायला लागली. कित्येक महिन्यांत पोर अशी हसली नव्हती. बायको तर भिंतीला टेकून खालीच बसली. मी कसनुसा होऊन डोक्यावरून हात फिरवला.

कपाळापासून मानेपर्यंत, हात कुठंच अडला न्हाई.