गुरुवारची लॅब

तुझी पीएच.डी. कशात, असं कुणी विचारलं, की सुखदा म्हणायची, "ड्युट्या लावण्यात." वर हसायचीही नाही. हसणार कशाला? चाकणजवळच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात तिचं पाचवं वर्ष चालू होतं. संशोधन केव्हाच संपलं होतं, राहिला होता शेवटचा सेमिनार. त्याच्या अर्जावर तिच्या गाइडची, प्रभाकर सरांची, एक सही हवी होती आणि अर्जाची मुदत येत्या गुरुवारी संपत होती. ती हुकली की आणखी सहा महिने गेले.

"सही देतो ना, मी काय पळून चाललोय?" सर म्हणाले. "आधी त्या टीएंचा घोळ निस्तर. एक आठवडा तरी बिनतक्रार जाऊ दे."

टीए म्हणजे एम.टेक.ची मुलं. सेकंड इयरच्या पोरांची इलेक्ट्रिक मोटारींची लॅब त्यांनी घ्यायची. पण ही मुलं भोसरीत नाहीतर चाकणला कंपनीत नोकरी करून शिकणारी, आणि त्यांची शिफ्ट दर आठवड्याला बदलणार. सुखदा बिचारी जुळवून जुळवून ड्युट्या लावायची आणि ऐन लॅबच्या दिवशी फोन वाजायचा. "ताई, ओव्हरटाइमला थांबवलंय." "ताई, सेकंड शिफ्ट लागली." मग लॅब घ्यायची हिनेच आणि सरांची बोलणीही खायची हिनेच. थेरगावला घरी पोचली, की आई, शैलाताई, विचारायची, "अगं, तुझं नेमकं संपणार कधी?" या प्रश्नाने तिचं डोकं असं सणकायचं, की ती अर्ध्या जेवणावरून उठायची.

अन् एकदम तिला सुचलं. गुरुवार! या पट्ट्यातल्या कंपन्यांना सुट्टी गुरुवारी. शिफ्ट कुठलीही असो, गुरुवारी सगळे मोकळे. लॅबही नेमकी गुरुवारी रिकामी. एवढं सोपं आजवर कुणाच्या डोक्यात कसं आलं नाही? तिने सगळ्या बॅचेस गुरुवारवर टाकल्या. एरवी सतरा सबबी सांगणारी मुलं एका फोनवर हो म्हणाली. खरं तर तेव्हाच तिला शंका यायला हवी होती.

गुरुवारी झाडून सगळे टीए हजर! भोसरीचा धनेश तर इस्त्रीचा शर्ट घालून आलेला. पोरं जमली, मोटारींना वायरी जोडून झाल्या, धनेशने मेन स्विच वर केला. मोटार ढिम्म हलेना. वर पाहिलं, तर पंखेही बंद.

"लाइट गेली की काय?" सुखदा म्हणाली.

"सकाळपासूनच नाही, ताई," धनेश म्हणाला. "गुरुवार आहे ना, लाइनची कामं काढतात. म्हणून तर कंपन्यांना गुरुवारी सुट्टी."

"अरे, मग आधी बोलला का नाहीस?"

"तुम्ही सुट्टी कधी असते तेवढंच विचारलंत."

सुखदाने कपाळावर हात मारला. त्याला तरी काय बोलणार? तिचे वडील, उद्धवराव, आयुष्यभर पिंपरीच्या कारखान्यात होते. लहानपणी गुरुवार म्हणजे बाबा घरी, पंखा बंद, आणि बाबा पेपरने वारा घेत बसलेले. थेरगावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट, आणि ही पाचव्या वर्षाची पंडिता विसरली! तिला स्वतःचाच इतका राग आला, की डोळ्यांत पाणी आलं.

पण पोरं समोर उभी. तिने खिडक्या सताड उघडल्या आणि मोटारी खोलायला सांगितल्या. "आज चालवायची नाही, आत काय आहे ते बघायचं." धनेशने बाह्या सरसावल्या. टीए एकेक भाग हातात घेऊन दाखवू लागले आणि पोरं खरोखर रमली. तक्रार एकही आली नाही.

दुपारी सर डोकावले आणि खूश झाले. "वा! लाइट नसताना लॅब! सुखदा, तुझ्याशिवाय हे कुणाला जमणार? पुढच्या सेमिस्टरलाही ड्युट्या तूच लाव."

"पुढच्या सेमिस्टरला मी नसेन, सर." तिने अर्ज पुढे केला. "आज शेवटची तारीख आहे."

सरांनी अर्ज हातभर लांब धरला, डोळे बारीक केले आणि परत दिला.

"लाइट आल्यावर बघू. या अंधारात काय दिसतंय?"

खिडकीतून लख्ख ऊन येत होतं, सरांच्या खिशातलं पेन चकाकत होतं. गुरुवारी लाइट येते ती सहानंतर, आणि सर निघतात पाचच्या बसने. हे मात्र सुखदाला पक्कं आठवत होतं.