नाव काकांचं, पासवर्ड आपला

आमच्या घरमालकांच्या मते माणसाच्या जन्मात दोनच गोष्टी पहिल्या दिवशी नीट व्हाव्या लागतात. एक बारसं आणि दुसरं राऊटर. "पयला दिवस बरोबर गेला का पुढं कायपन होऊ दे," असं ते म्हणतात, "आनी झालाच काय, तर बंद करून परत चालू कराचा." हा शेवटचा इलाज फक्त राऊटरसाठी की बारसं झालेल्या माणसासाठीसुद्धा, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

कामोठ्याच्या जुन्या गावठाणात त्यांची तीन मजली इमारत आहे. खाली ते आणि काकी, आणि सगळ्यात वरच्या खोलीत मी. टेलिफोनच्या खात्यात खांबावर चढण्यात काकांची उमर गेली. रिटायर झाल्यावर खांब सुटले, पण तारा काही सुटल्या नाहीत. कळंबोलीच्या लोखंड बाजारातलं एखादं छोटं ऑफिस असो, कामोठ्यातला क्लास असो की बेकरी, नवा राऊटर आला की खोका फोडायला काकाच लागायचे. मी परभणीकडचा. आठवीत शाळा सुटली, आणि पुढं काही वर्षांनी एका ट्रान्सपोर्टमध्ये गाड्यांवरचा माल बघायच्या कामाला इकडं आलो. खोली मागायला गेलो तेव्हा मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, जिल्हा सांगितला. काकांनी त्यातला जिल्हा तेवढा ठेवून घेतला. "काय रं परभनी, जेवलास का?" ही हाक त्या दिवसापासून चालू झाली, ती आजवर एकदाही चुकलेली नाही. परक्या मुलखात आपल्याला कुणीतरी आपल्या अख्ख्या जिल्ह्याच्या नावानं जेवायला विचारतं, याचं मला अजून अप्रूप आहे.

सुट्टीच्या दिवशी त्यांची पिशवी धरायला मीही बरोबर जायचो. काकांच्या कामाची पद्धत अशी, की पहिला तासभर ते काम करतच नाहीत. ऑफिसात शिरले की चप्पल बाहेर, पिशवी दाराशी, आणि मग प्रत्येक खुर्चीवर ते आळीपाळीनं बसून बघतात. मालकाच्या खुर्चीवर, हिशोब लिहिणाऱ्याच्या खुर्चीवर, गिऱ्हाइकाच्या बाकड्यावर आणि शेवटी पाण्याच्या पिंपाशेजारच्या स्टुलावरसुद्धा. "राऊटरला आधी मानसं दाखवाची, मंग वीज." कोण कुठं बसतं, कोण फोनवर जास्त बोलतं, कोण डुलकी काढतं, हे कळल्याशिवाय त्यांचा हात खोक्याला लागत नाही. एका लोखंडवाल्या शेठनं चोरीच्या भीतीनं राऊटर लोखंडी कपाटात कुलूप लावून ठेवला होता आणि रेंज येत नाही म्हणून काकांना बोलावलं होतं. काकांनी वाद घातला नाही. ते कपाटासमोर बसले, आत राऊटर होता तिकडं तोंड करून त्यांनी डबा उघडला आणि सुकटीची चटणी भाकरीवर घेतली. शेठ शुद्ध शाकाहारी. वासानं कासावीस होऊन त्यांनी विचारलं, "काका, काम कधी?" काका म्हणाले, "तो कपाटातून भायेर आला का लगेच." कुलूप त्याच मिनिटाला निघालं. दुसऱ्या एका दुकानात राऊटर देव्हाऱ्यात होता, शुभ म्हणून. धूप, अंगारा आणि फुलाच्या पाकळ्या खाऊन तो बिचारा तापल्यासारखा झाला होता. काकांनी देवाला हात जोडले, राऊटर उचलून वर भिंतीवर नेला, आणि मालकिणीला समजावलं, "ताई, देवाला रेंज लागत नाय. यालाच लागते."

कंपनीच्या हेल्पलाइनवर तर ते असे बोलतात, की ऐकणाऱ्यानं काम सोडून ऐकत बसावं. तिकडून रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज म्हणतो, मराठीसाठी एक दाबा. "दाबला गो बाय," काका मऊपणानं सांगतात. ती म्हणते, कृपया प्रतीक्षा करा. "करतंव. तू पन पानी पी." खरा माणूस लाइनवर आला की तक्रार राहते बाजूला, तो कुठल्या गावचा, तिथं यंदा पाऊस कसा, घरी कोण कोण, हे सगळं होतं, आणि मग तो पोरगा आपल्या काकाचं काम असल्यासारखा धावून करतो. राऊटर बंद करून चालू करायचा असेल तर मध्ये चहा झालाच पाहिजे. "लगेच चालू नको करू. त्याला सास घेऊ दे." सगळं ऑफिस उभं राहून चहा पितं, आणि भिंतीवर अंधारलेला राऊटर काकांच्या भाषेत सास घेतो.

पण खरा सोहळा पासवर्डचा. खोक्यातून येतानाचा जो सोपा पासवर्ड असतो, त्याचा काकांना भयंकर राग. "दाराला कुलूप लावलास, नि किल्ली कुलपालाच लटकवलीस!" मग मालकाला ते की-बोर्डपुढं बसवतात. पासवर्ड असा पाहिजे, की इथं कोणालाच ठाऊक नसेल आणि तुम्ही मेलात तरी विसरणार नाही. "गावाकडचा कायतरी घे. तुज्या गावाला कलंबोलीत कोन वलखतो?" एवढं सांगून काका भिंतीकडं तोंड करून उभे राहतात, पार नाक भिंतीला लावून, शिक्षा झालेल्या पोरासारखे. बटणांच्या आवाजावरून कळू नये म्हणून कानांवर हातसुद्धा ठेवतात. मोठमोठे शेठ टेबलाशी डोळे मिटून आपापलं गाव आठवत बसलेत आणि एक म्हातारा माणूस भिंतीला नाक लावून उभा आहे, असं दृश्य मी कितीतरी ऑफिसांत पाहिलं आहे. अशी सारी कळंबोली कुठल्या कुठल्या गावांच्या भरवशावर चालते, आणि त्यातलं एकही गाव काकांना माहीत नाही.

नेटवर्कचं नाव मात्र ते कुणाला ठेवू देत नाहीत. वाय-फाय शोधताना फोनवर जे नाव दिसतं, ते. मालक म्हणतो, दुकानाचं नाव टाका, पोराचं टाका. काका म्हणतात, "पासवर्ड तुमचा, नाव माजा," आणि काहीतरी भलतंच टाकतात. लोक हसतात आणि सोडून देतात, कारण काका मजुरीवरून घासाघीस करत नाहीत. मलाही ती त्यांची लहरच वाटायची. एकदा बाजारातून आम्ही दोघं चालत घरी येत होतो आणि मी सहज फोन उघडला. रेंजमध्ये येणारी नावं एकामागून एक वर चढत होती. इंग्रजी अक्षरं मी जुळवत जुळवत वाचतो. मोठं खाचर. चिंबोरीचा बांध. म्हातारीचं खाजण. मी मोठ्यानं वाचत होतो आणि काका बाजूनं, फोनकडं न बघता, लोखंडाच्या गोदामांकडं बोट दाखवत होते. "हां, हितं. नि त्यो ट्रक उभा हाय ना, तिथं चिंबोऱ्या धराचो आमी." चिंबोऱ्या म्हणजे खेकडे. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ती त्यांची भातशेतं आणि खाऱ्या पाण्याची खाजणं होती. शहर वसलं तेव्हा जमिनी गेल्या, बांध गेले, वर रस्ते आणि गाळे आले. काकांनी त्याबद्दल कधी गळा काढल्याचं मी ऐकलं नाही. त्यांनी फक्त जिथं जे होतं तिथं ते नाव परत हवेत टांगून ठेवलं होतं.

मग माझं स्वतःचं ऑफिस झालं. ऑफिस म्हणजे बाजाराच्या एका गल्लीत वरच्या मजल्यावरची खोली, एक कंप्युटर, एक प्रिंटर आणि खाली गाड्या लागतात तिथं कॅमेरा. दुसऱ्याच्या गाड्यांवर माल बघणं सोडून मी स्वतः गाड्या लावून द्यायचं धाडस केलं होतं. मी जात्याच घाबरट. गॅस बंद केला का ते बघायला अर्ध्या रस्त्यातून परत फिरणारा. स्क्रीनवर इंग्रजीत काही आलं की मला वाटतं, ती माझी इयत्ता विचारते आहे. पण आईनं गावात सांगून टाकलं होतं, पोराचं हापिस झालं म्हणून, आणि आता मागं फिरायला तोंड नव्हतं. काकांनी सगळ्या खुर्च्यांवर बसून राऊटर लावला. खुर्च्या दोनच होत्या, पण दोन्हींवर ते दोनदा बसले. मग खिडकीपाशी जरा वेळ उभे राहिले आणि नाव घातलं, 'आईची उडवी'. इथंच त्यांच्या आईनं भाताच्या पेंढ्यांची उडवी रचलेली असायची, नि तिच्या सावलीला काका झोपायचे. "यो नाव कवापासून ठेवला होता. बरोबर मानूस गावत नव्हता," एवढंच बोलले आणि भिंतीला नाक लावलं. मी पासवर्ड टाकला.

आणि विसरलो.

वाय-फायचा नव्हे, तो फोनमध्ये होता. राऊटरच्या आत शिरायचा मुख्य पासवर्ड. कळलं तेव्हा वेळ फार वाईट होती. वाशीच्या एका मोठ्या स्टील कंपनीचं नेहमीचं काम मला मिळणार होतं. तेवढं मिळालं की ऑफिस तरतं, नाहीतर दिवाळीपर्यंत कुलूप, हे मला स्वच्छ दिसत होतं. त्यांच्या मॅडम दुपारी बघायला येणार होत्या. खालचा कॅमेरा वाशीतून दिसला पाहिजे आणि ड्रायव्हर लोकांचं वाय-फाय बिलाच्या कंप्युटरपासून वेगळं पाहिजे, अशी त्यांची अट. दोन्ही कामं राऊटरच्या आतली. मागं टाचणी टोचून तो पुसून कोरा करता आला असता, पण मग इंटरनेट कंपनीचा माणूस आल्याशिवाय काही चालू होणार नव्हतं, आणि तो उद्या येणार होता. मी काकांना बोलावून घेतलं.

"काका, माझं डोकंच कोरं झालंय," मी म्हणालो.

काका खुर्ची ओढून समोर बसले. "टेन्शन नको घेऊ. चल, गावाला जाव. एश्टीतून उतरलास. समोर काय?"

"फाटा. चहाचं हॉटेल."

"तो टाकलास?"

"नाही."

"चल पुढं."

"हापसा. मग मारुतीचं देऊळ. मग पिठाची गिरणी."

"यातला काय?"

"नाही काका. आणि मग…"

"मंग काय?"

"शाळा."

तेवढ्यात दारात मॅडम. हातात फाइल, कपाळावर घाम. मी चटकन उठलो, तर काकांनी माझा खांदा दाबून मला परत बसवलं आणि आपली खुर्ची मॅडमपुढं सरकवली. "या मॅडम, बसा. आमी जरा परभनीला गेलाव. येतावच." मॅडमनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा काकांकडं, आणि का कोण जाणे, खरोखरच बसल्या.

"शालेत चल," काका हळू आवाजात म्हणाले.

"नको काका."

"चल रं. मी हाय ना संगती. कंचा बाक?"

"खिडकीचा."

काकांनी पाठ ताठ केली. पिशवीतली पक्कड हातात घेऊन टेबलावर एकदा आपटली आणि खणखणीत आवाजात हजेरी सुरू केली. एक. दोन. तीन. त्यांनी एकही आकडा सोडला नाही. मॅडमनी फाइल मांडीवर ठेवली. खाली गाडीत सळया पडत होत्या, त्यांचा आवाज येत होता, आणि काका आकडे म्हणत होते. वीस. एकवीस. माझ्या पायात काहीतरी सळसळू लागलं. पंचवीस. सव्वीस.

"सत्तावीस!"

"हजर सर!" मी ताडकन उभाच राहिलो. खुर्ची मागं पडली.

हेच टाकलं होतं. हजर, आणि पुढं माझा हजेरीचा नंबर. आठवीच्या मध्यावर शाळा सुटली, नंबर तेवढा माझ्याजवळ राहिला होता. मी टाइप केलं आणि राऊटरचं आतलं पान उघडलं. मॅडम चक्क टाळ्या वाजवायला लागल्या. मला हसू येत होतं आणि डोळेही भरून आले होते.

काकांचा चेहरा मात्र गंभीर. "आता लगेच बदल. सगल्यांनी आयकला."

"आत्ता? अहो काका, आत्ता तर सापडला!"

"सापडला म्हनूनच. मॅडम, तुमीपन उठा." आणि ते भिंतीशी गेले. मॅडमनी फाइल खुर्चीवर ठेवली आणि मुकाट्यानं त्यांच्या शेजारी जाऊन भिंतीकडं तोंड केलं. नाक लावायचं की नाही याचा क्षणभर विचार करून त्यांनी तेही लावलं. त्या दोन पाठींकडं बघत मी नवा पासवर्ड टाकला. तो मी विसरणार नाही, आणि सांगणारही नाही.

मग काकांनी ड्रायव्हर लोकांची वाट वेगळी काढून दिली, वाशीतून कॅमेरा दिसतोय असा फोन आला, आणि मॅडम पसंतीच्या स्वरात म्हणाल्या, "सगळं छान. फक्त वाय-फायला आमच्या कंपनीचं नाव द्या. हे 'आईची उडवी' काय आहे?"

काका पिशवी भरत होते. वर न बघता म्हणाले, "द्या ना. दोन मिंटाचा काम."

मी आयुष्यात कोणत्याही साहेबाला नाही म्हटलेलं नाही. काम हातात आलेलं होतं, एका शब्दानं ते जाऊ शकलं असतं. तरी मी म्हणालो, "मॅडम, तेवढं राहू द्या. इथं काकांच्या आईची भाताची उडवी असायची. आपण तिच्या जागेवर बसलोय."

मॅडमनी काकांकडं पाहिलं. काका पक्कड पिशवीत घालत होते, ती काही केल्या पिशवीत जाईना. "बरं," मॅडम म्हणाल्या, "मग ड्रायव्हर लोकांच्या नेटवर्कला तरी कंपनीचं नाव द्या." आणि त्यांनी काम माझ्या नावावर केलं.

आता काकांचे गुडघे धरलेत, जिने चढवत नाहीत. नवे राऊटर लावायला इंटरनेट कंपनीची पोरं मोटरसायकलवर येतात, कुठल्याच खुर्चीवर बसत नाहीत, आणि खोक्यावरचा लांबलचक नंबर तसाच नाव म्हणून सोडून जातात. माझ्या फोनवरून चिंबोरीचा बांध गेला, म्हातारीचं खाजण गेलं. मोठं खाचर अजून अधूनमधून लागतं, अगदी एका काडीवर. संध्याकाळी ऑफिसला कुलूप लावून मी कामोठ्याकडं चालायला लागतो, तेव्हा आईची उडवी वळणापर्यंत माझ्यासोबत येते आणि मग सुटते. घरी ओट्यावर काका बसलेले असतात. जेवलास का हे विचारून झालं की जरा थांबतात, आणि सहज विचारल्यासारखं विचारतात, "काय रं परभनी, उडवी?"

"हजर," मी म्हणतो, आणि जिना चढतो.