एक वीत वर

माझ्या सासूबाई डब्यातून तांदूळ काढले की उरलेला थर हाताने सारखा करायच्या आणि त्यात मधोमध अंगठा दाबून ठेवायच्या. पुढच्या वेळी झाकण उघडल्यावर ठसा मोडलेला दिसला की चौकशी सुरू. लग्न होऊन आले त्या आठवड्यात पहिली चौकशी माझीच झाली. मी खिचडीसाठी दोन वाट्या तांदूळ घेतले होते.

"घेतलंस त्याचं काय न्हाय," त्या म्हणाल्या, "सांगितलं न्हाईस."

त्यांचं नाव बारकीबाई. उंचीही नावाला शोभेल अशी, जेमतेम पावणेपाच फूट. पेणच्या बाजूला खाडीकाठचं आमचं गाव. तिथल्या मिठागरात त्यांनी डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहिल्या होत्या. तरुण असताना एका चुलत दिराने रेशनकार्डाचं काम आहे असं सांगून कोऱ्या कागदावर त्यांचा अंगठा घेतला आणि त्यांच्या वाट्याची खाडीलगतची खाजणजमीन गेली. तेव्हापासून त्यांचा कुणाच्याच शब्दावर विश्वास राहिला नाही. दूधवाला, डॉक्टर, टीव्हीवर हवामान सांगणारी मुलगी, सगळे संशयित. "हसून सांगतो तो अर्धंच सांगतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी शाळेत शिक्षिका. चुकून कधी हसत घरी आले की त्या विचारायच्या, "आज काय दडवलंस?"

माझा नवरा दिनेश ट्रकचा धंदा करतो. किहीमच्या एका बंगल्याच्या बांधकामाला त्याने जांभ्याचा चिरा पोचवला होता. तिथल्या उंच खोल्यांमधून खेळणारी हवा त्याच्या मनात बसली. त्यामुळे जुन्या घराला लागून आम्ही नवं घर बांधलं तेव्हा त्याने छत बारा फुटांवर नेलं. बाकीच्या खोल्या छान दिसल्या. स्वयंपाकघरात मात्र प्रश्न उभा राहिला, ओट्यावरची कपाटं लावायची किती उंचीवर?

पालीचे विलास मिस्त्री माप घ्यायला आले. भिंतीकडे बघत म्हणाले, "वहिनी, नेहमीसारखं ओट्यापासून दीड फुटावर लावलं तर वर नुसती कोरी भिंत राहील. दोन थर करू. खालचा रोजच्या वापराचा, वरचा सणासुदीच्या भांड्यांचा. आता खालचा थर कुठून सुरू करायचा ते तुम्ही सांगा. इथे जास्त वेळ कोण उभं राहतं? त्यांना हात वर करायला सांगा."

मी म्हणाले, "मी." आणि हात वर केला.

ते खरं नव्हतं. सकाळी सातला मी शाळेत जायचे. दुपारपर्यंतचा सगळा स्वयंपाक सासूबाईंचा. पण माझी उंची साडेपाच फूट आणि माझ्या मनात एक हिशेब होता. डॉक्टरांनी त्यांना मीठ कमी करायला सांगितलं होतं. आयुष्यभर मीठ वाहिलेली बाई ते ऐकत नव्हती, कालवणात दोनदा मीठ पडायचं. मीठ, लोणची, सुकी मासळी वर गेली की प्रश्न मिटेल, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण त्याखाली होतं. सतरा वर्षं माझ्या हातची प्रत्येक बरणी दुसऱ्या कुणीतरी उघडून बघितली होती. मला एक फळी अशी हवी होती, जिच्यावरचं झाकण माझ्याशिवाय कुणी उघडणार नाही.

मिस्त्रींनी ओट्यापासून सव्वादोन फुटांवर पेन्सिलने रेघ मारली. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर त्या रेघेच्या बरोबर एक वीत खाली हळदीच्या बोटाने दुसरी रेघ ओढलेली.

"वर काय दडवायचं हाय तुला?" सासूबाईंनी विचारलं.

"दडवायचं काय आई? खाली भिंतीतून पाण्याचा पाइप जातो. तिथे स्क्रू मारता येत नाहीत, मिस्त्री म्हणाले."

मी मिस्त्रींना आधीच सांगून ठेवलं होतं, विचारलं तर हेच सांगा म्हणून. बिचारे मान खाली घालून हो म्हणाले. सासूबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी ओट्यावरचा नळ सोडला, भिंतीला कान लावला आणि इकडून तिकडे हळूहळू सरकत गेल्या. नळ बंद करून पदराला हात पुसले आणि एवढंच म्हणाल्या, "पाणी वाहतं त्याला आवाज असतो, बाय."

कपाटं माझ्या रेघेवर लागली. वास्तुशांत झाली, जेवणावळ झाली. तिसऱ्या दिवशी शाळेतून येते तर जुन्या घराच्या मागच्या खोलीतून धूर निघत होता. सासूबाईंनी तिथे चूल पेटवली होती. स्वतःपुरता भात आणि भाजलेले बोंबील. दिनेशने समजावलं, रागावला, शेवटी हात जोडले. त्या म्हणाल्या, "मी भांडले न्हाय. माझा हात जिथं पोचतो तिथं मी रांधते."

आमच्या गावात चूल वेगळी होणं म्हणजे घर फुटणं. जवळजवळ महिना असा गेला. आमची मुलगी आजीकडे जेवून यायची आणि मी वाढलेलं ताट तसंच ठेवायची. मला नव्या स्वयंपाकघरात माझी फळी मिळाली होती. तिच्याकडे बघवत नव्हतं. एक दिवस शाळेत माझ्या सोबतीच्या बाईंनी डबा उघडता उघडता विचारलं, "तुमच्या सासूबाई वेगळ्या राहतात म्हणे?" मी माझ्या डब्याचं झाकण लावलं.

त्याच दुपारी मी जुन्या घरात गेले. त्या चुलीपाशी बसून लसूण सोलत होत्या. मी उभ्यानेच म्हणाले, "आई, भिंतीत पाइप नाही. मी खोटं बोलले."

"मना ठावं व्हतं."

"मग तेव्हाच का नाही विचारलंत?"

"विचारलं व्हतं. तू पाइप सांगितलास."

मग मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. मिठाचं, डॉक्टरांचं, आणि फळीचंही. त्यांनी लसूण सोलणं थांबवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाल्या, "मी सासूच्या घरात व्हते तवा मनाबी एक कोनाडा पायजे व्हता. न्हाय मिळाला." मग लसणाच्या पाकळ्या माझ्या ओंजळीत टाकून म्हणाल्या, "जा, फोडणीला घे. येते मी."

विलास मिस्त्री पुन्हा आले. खालचा थर एक वीत उतरवला, जुनी भोकं बुजवली. वरच्या थराच्या खाली जी फट पडली तिथे एक उघडी फळी बसवली. सासूबाई स्टूल घेऊन समोर बसल्या होत्या. काम संपल्यावर त्यांनी हात वर करून प्रत्येक दार उघडून पाहिलं आणि माझ्याकडे वळून डोळे बारीक केले. "एवढं खाली आणलंस? डाक्टरनं आता काय नवीन सांगितलंन?"

मग स्वतःच मिठाची बरणी उचलून माझ्या हातात दिली. "ही ठेव त्या वरच्या फळीवर. मना लागंल तवा मागेन, तू दे न्हायतर देऊ नको. पण दडवू नको. सांगून ठेव." आणि पुढे म्हणाल्या, "ती फळी तुझी. मी बघणार न्हाय."

त्यांनी ते पाळलं. रोज मीठ मात्र मागितलं, रोज भांडल्या, आणि मी किती घातलं ते चव घेऊन तपासलं.

मागच्या वर्षी त्यांच्या मूत्रपिंडांनी दगा दिला. अलिबागला दवाखान्यात ठेवलं होतं. दुपारची वेळ. सिस्टर गोळी घेऊन बराच वेळ उभी होती आणि सासूबाई तोंड उघडत नव्हत्या. दिनेश पलंगाशी वाकून हसत म्हणाला, "घे ना आई. चार दिवसांत घरी जायचंय आपल्याला."

त्यांनी मुलाकडे नुसतं पाहिलं आणि मान माझ्याकडे वळवली. "हा हसतोय. तू सांग."

दिनेश माझ्याकडे बघत होता. मी त्यांचा हात हातात घेतला. "नाही, आई. या वेळी घरी नेता येईल असं डॉक्टरांना वाटत नाही."

"व्हय," त्या म्हणाल्या, "मनाबी तसंच वाटतंय." मग सिस्टरपुढे हात केला. गोळी कसली, कुणी दिली, कशासाठी, एका शब्दाने विचारलं नाही. मी पाण्याचा पेला ओठांना लावला आणि त्यांनी ती गिळली.